सासूबाई टीव्हीवर येतात

जावई पूल बांधायचा. पण सासरी ‘इंजिनिअर’ या शब्दाला कुणी फाटे फोडत नसे. नळ गळला, इस्त्री बिघडली, की हाक त्यालाच. मागे सासूबाईंचा फोन ‘हलका’ करताना त्याने त्यातले सगळे नंबर उडवले होते, पण ते आता कोण उकरून काढतंय? आज भिंतीवर नवा कोरा टीव्ही लागला होता आणि त्यावर दिवंगत सासूबाईंना आणायचं होतं.

त्यांचा एकुलता एक व्हिडिओ होता, सासऱ्यांच्या जुन्या फोनवर घेतलेला. पडदा काडेपेटीएवढा. सासूबाई ओट्यापाशी मिक्सर फिरवताहेत आणि फोनकडे बघून काहीतरी सांगताहेत. मिक्सरच्या घरघरीत शब्द कळत नसत, पण आवाज त्यांचा होता. त्यांच्या मुलीला, म्हणजे जावयाच्या बायकोला, तेवढा पुरायचा. आईचा आवाज म्हणून तिच्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं, आणि तो फोन आता अखेरच्या घटका मोजत होता.

“जावईबापू, जमेल ना?” सासरे ओरडले. जन्म छापखान्यात गेल्यामुळे त्यांचे कान केव्हाच गेले होते.

“हातचा मळ आहे, बाबा!” जावई त्याहून मोठ्याने ओरडला.

फोन गच्च भरलेला, म्हणून त्याने व्हिडिओ कॉपी न करता सरळ कट केला, पेन ड्राइव्हवर टाकला आणि टीव्हीला लावला. ‘ही फाइल चालू शकत नाही,’ टीव्ही म्हणाला.

“एवढ्या मोठ्या टीव्हीला आमची वहिनी ओळखू येत नाही?” आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण.

“आत्या, फाइल जुन्या पद्धतीची आहे. तिचं रूपांतर करावं लागेल.”

“कशात?” आत्या घाबरल्या.

लॅपटॉपवर एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली आणि सगळं घर तिच्याभोवती श्वास रोखून गोळा झालं.

“चाळीस टक्के म्हणजे कमरेपर्यंत आली का रे?” आत्यांनी हळूच विचारलं. पट्टी भरली तेव्हा त्यांनी टाळ्याच वाजवल्या.

टीव्हीवर सासूबाई आल्या, पण आडव्या. बायकोने मान वाकडी केली, आत्या सोफ्यावर आडव्या झाल्या. जावयाने पुन्हा रूपांतर लावलं. ‘जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवायची?’ सॉफ्टवेअरने मघासारखंच विचारलं. तोही मघासारखाच म्हणाला, हो. आता सासूबाई उभ्या राहिल्या, पण चांगल्याच ऐसपैस.

“आई एवढी रुंद नव्हती हं!” बायको म्हणाली.

तिसरं रूपांतर. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा हो. आणि मग भिंतभर सासूबाई आल्या. गालावरची खळी, कपाळावर आलेली बट, सगळं जिथल्या तिथे. काडेपेटीत एवढं सगळं मावलं होतं यावर कुणाचा विश्वास बसेना. आत्यांनी नकळत पदर सावरला.

“आवाज वाढव ना,” बायको म्हणाली.

त्याने वाढवला. पार शेवटपर्यंत वाढवला. ना मिक्सर, ना सासूबाई. सॉफ्टवेअरमधली ‘आवाज’ या शब्दासमोरची खूण तिसऱ्या रूपांतराच्या वेळी त्याच्या हातून चुकून निघाली होती. जुनी फाइल शोधावी, तर तिच्या जागी नवी. फोनमध्ये बघावं, तर तिथून आपणच कट केलेली. जावयाला दरदरून घाम फुटला.

“आवाज गेला,” तो पुटपुटला. “सगळीकडून गेला. माझ्याच हातून.”

बायको मटकन खाली बसली आणि तिचे डोळे भरून आले. नद्यांवर पूल बांधणाऱ्या त्या माणसाला तिच्यापर्यंतची चार पावलं ओलांडता येईनात. शेवटी तो सासऱ्यांपाशी गेला आणि त्यांच्या कानाशी ओरडला, “बाबा, माफ करा! आईंचा आवाज माझ्याकडून पुसला गेला!”

सासऱ्यांनी टीव्हीवरची नजर हलवली नाही.

“त्यात आवाज होता?” त्यांनी विचारलं.

मुलगी डोळे पुसत जवळ आली आणि त्यांच्या कानाशी ओरडली, “बाबा, मग तुम्ही रोज फोन डोळ्यांशी धरून काय करायचात?”

“तिचं ऐकायचो. कान गेल्यापासून तिचं बोलणं मी ओठांवरूनच ऐकतो. बाकी कुणाचं नाही जमत मला.”

“मग आई म्हणते काय?” तिने तशाच मोठ्याने विचारलं.

व्हिडिओ पुन्हा लावला. सासूबाईंचे ओठ हलू लागले आणि सासऱ्यांच्या तोंडून शब्द येऊ लागले, अगदी सासूबाईंच्याच ठसक्यात. “‘अहो, फोन सरळ धरा, आडवा काय धरलाय! आणि हे नीट जपून ठेवा. जावईबापूंच्या हाती देऊ नका हं. पोरगा गुणी आहे, पण हात लावील तिथलं काहीतरी पुसून ठेवतो.’”

बायको रडता रडता खो खो हसत सुटली. इतक्या वर्षांनी तिला आईचे शब्द कळले होते. आत्यांनी टीव्हीला हात जोडले. जावयाच्या अंगावर सरसरून काटा आला.

“बाबा, हे ठाऊक असून तुम्ही माझ्याच हाती दिलंत?” तो ओरडला.

“उभ्या आयुष्यात ती एकदाही चुकली नव्हती,” सासरे कौतुकाने म्हणाले. “म्हटलं, बघू या. नाहीच चुकली! लावा पुन्हा.”

जावयाने रिमोट दोन्ही हातांनी उचलला आणि अदबीने बायकोपुढे धरला.

“तू लाव,” तो म्हणाला.