हसण्याची दुसरी प्रत

टुंग!

भिंगरीचा नुकता कुठे डोळा लागत होता. तिला थोपटणारा आईचा हात जागच्या जागी थांबला. बाहेरच्या खोलीतल्या त्या कॉम्प्युटरला वेळकाळ म्हणून काही कळत नसे. भिंगरीने एक डोळा किलकिला केला, आई श्वास रोखून पुतळ्यासारखी बसलेली पाहिली, आणि यात काही मजा नाही असं ठरवून तो परत मिटला.

भिंगरीची दुपारची झोप म्हणजे आईच्या कामाची वेळ. घरबसल्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम ती करायची, आणि एका झोपेत किती पानं होतील हे भिंगरीच्या मर्जीवर असायचं. ती पाय न वाजवता बाहेर आली, तर नवरा आधीच पडद्यापुढे वाकून उभा होता.

"हा सांगतोय की यापुढे या सिस्टिमची जबाबदारी आमच्यावर नाही," तो कुजबुजला. "अपग्रेड करून टाकू आजच. रविवार आहे, मीही घरी आहे."

"त्यातलं काही जायचं नाही ना?"

"मी आहे ना!"

"म्हणून तर विचारतेय."

त्याला हे लागलं. लागणारच. तो लिफ्ट तपासनीस होता. दोर, ब्रेक, दारं, घंटा सगळं पाहून त्याने सही केल्याशिवाय लोक लिफ्टमध्ये पाऊल टाकत नसत. घरीसुद्धा कुलूप लावलं की ते ओढून बघायचा, जिना उतरायचा, आणि परत वर जाऊन ओढून बघायचा. अशा माणसावर त्याच्याच बायकोने शंका घ्यावी!

पण 'त्यातलं काही' म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. भिंगरी मांडीवर मावत होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी आई रद्दीचा कागद फाडत होती, आणि त्या टर्रर्र आवाजाला ती पोर आयुष्यात पहिल्यांदा खदखदून हसली. ओठांतल्या ओठांत नव्हे, सगळ्या अंगाने. आई कागद फाडी, ती हसे. हसून हसून उचकी लागली तरी हसे. बापाने ते फोनवर टिपलं. पुढे त्या फोनने फरशी पुसायच्या बादलीत उडी घेतली आणि तो गेला. हसणं तेवढं या कॉम्प्युटरमध्ये उरलं होतं. दिवस फारच वाईट गेला की आई ते एकदा लावायची, आणि उरलेली भांडी घासायला उठायची.

"आधी बॅकअप," नवरा बोट वर करून म्हणाला. "दोन प्रती. एक घरात, एक घराबाहेर. मग कॉम्प्युटर नव्या सिस्टिमला चालतो का, याची तपासणी. मगच अपग्रेड."

ऐकायला हे इतकं शहाणपणाचं होतं, की ती निर्धास्त होऊन मुद्रितं घेऊन स्वयंपाकघरात गेली.

पुरता परिच्छेदही झाला नाही तोच तो दारात उभा.

"झालं."

"सगळं?"

"सगळं. नव्या पेनड्राइव्हचा वेग बघशील तर थक्क होशील."

"आणि दुसरी प्रत?"

"तीही झाली. पहिलीवरूनच केली. म्हणजे दोन्हींत तसूभर फरक नको."

दुसऱ्या पेनड्राइव्हवरची ती प्रत एका पाकिटात घालून तो मागच्या गल्लीत स्वतःच्या आईकडे, म्हणजे भिंगरीच्या आजीकडे गेला. "आई, हे जपून ठेव. कुणाला देऊ नकोस." आजीने ते पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. मुलाने इतक्या गंभीर चेहऱ्याने आजवर तिच्या हाती काही सोपवलं नव्हतं.

परत येऊन त्याने तपासणी लावली. कॉम्प्युटर घुरघुरला, विचारात पडला, आणि शेवटी पडद्यावर एक लाल फुली उमटली: जागा अपुरी.

"एवढंच ना!" तो म्हणाला. फोटोंचं आणि व्हिडिओंचं फोल्डर सगळ्यांत जाडजूड होतं. बॅकअप तर होताच, तोही दोन ठिकाणी. त्याने फोल्डर पुसलं. कॉम्प्युटरने विचारलं, हे फार मोठं आहे, कचरापेटीत मावणार नाही, कायमचं काढू का? एवढ्या अदबीने विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? त्याने हो म्हटलं, आणि पुन्हा तपासणी लावली.

जागेपुढच्या फुलीची हिरवी खूण झाली. तिच्या खाली दुसरी लाल फुली होती. ती मघाशीही होती; पान खाली सरकवून बघायचं तेवढं राहिलं होतं. या फुलीपुढे लिहिलं होतं की मुळात या कॉम्प्युटरचा प्रोसेसरच नव्या सिस्टिमला चालत नाही. आज नाही, उद्या नाही, कितीही जागा केली तरी नाही.

"म्हणजे?" ती मागे येऊन उभी राहिली होती.

"म्हणजे याचं वय झालं. राहू दे मग. होतं तसं परत ठेवतो."

त्याने पेनड्राइव्ह लावला. फोटो-व्हिडिओंच्या फोल्डरांची सगळी चित्रं ओळीने उभी राहिली. त्याने एकावर टिचकी मारली. उत्तर आलं: ही वस्तू होती तिथे आता नाही.

दुसऱ्यावर मारली. तीही होती तिथे नव्हती.

"या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात हा एवढासा बाण कसला रे?" तिने विचारलं.

"मी पाहिला होता तो. मला वाटलं, 'पाठवलं' अशी खूण असेल."

ती खुर्चीवर बसली. मजकुरात शब्द गळलेली जागा शोधून काढणं हे तिचं कामच होतं, त्यामुळे तिला नवऱ्याआधी उमगलं. ते शॉर्टकट होते. खऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारे नुसते बाण. घर पाडून टाकलं होतं आणि घराकडे जाणाऱ्या रस्त्याची पाटी तेवढी जपून ठेवली होती.

"दुसरी प्रत!" तो ओरडला. आत भिंगरी जागी झाली.

तिघं तसेच मागच्या गल्लीत गेले. आजीने दार उघडलं आणि मुलाचा चेहरा बघून तिचाच पडला.

"आई, ते पाकीट दे."

"जपून ठेवलंय."

"हो, पण कुठे?"

"तेच तर," आजी म्हणाली. "तू म्हणालास कुणाला देऊ नकोस, म्हणून आधी कपाटात ठेवलं. मग वाटलं, कपाट तर कुणीही उघडेल. मग उशीच्या अभ्र्यात घातलं. मग वाटलं, अभ्रा धुवायला काढला म्हणजे? तिथून काढलं ते आठवतंय. पुढचं नाही आठवत."

"आई, अगं दोन तासही नाही झाले!"

"मला ओरडू नकोस. कुणाला सापडू नये असंच ठेवायला सांगितलं होतंस ना? मग? नाही सापडत!"

गाद्या उलट्या झाल्या. बटणांचे डबे, औषधांचे डबे, रिकाम्या डब्यांचे डबे उघडले गेले. भिंगरीला इतका चांगला खेळ कितीतरी दिवसांत मिळाला नव्हता. पाकीट निघालं शेवटी भिंतीवरच्या घड्याळामागे. आजीलाही नवल वाटलं. "बघ, सुचतं मला कधीकधी," ती म्हणाली.

आत तेच बाण. तसूभर फरक नव्हता. त्या माणसाने स्वतःची चूकसुद्धा दोन प्रतींत जपली होती.

परतताना तिने रागावावं, तर त्याचा चेहरा असा झाला होता, जणू समोर लिफ्ट अडकली आहे आणि आत स्वतःचीच माणसं आहेत. जिन्यात तो एवढंच म्हणाला, "मी लोकांना सांगतो, पाटी खालपर्यंत वाचा."

दुसऱ्या दिवशी तो रजा टाकून कॉम्प्युटर काखेत घेऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेला. ती भिंगरीला कडेवर घेऊन मागोमाग. दुरुस्तीवाला चहात बिस्किट बुडवत होता.

"पुसल्यावर यावर काही केलंत?"

"काही नाही. हातच लावला नाही."

"हे बरं केलंत. पुसलेलं लगेच जात नाही, वर नवं लिहिलं की जातं. काढून बघतो. पण ताई, नावं यायची नाहीत. आणि फक्त तुम्हाला हवं तेच येईल असंही नाही. जे येईल ते घ्यावं लागेल."

"येऊ द्या," ती म्हणाली. "काहीही येऊ द्या."

आणि काहीही आलं. त्या घरात ज्याने ज्याने जे जे कधी पुसलं होतं, ते सगळं मेल्यातून उठून आलं. संध्याकाळी आजीसकट चौघं पडद्यासमोर बसले. फायलींना नावं नव्हती, नुसते आकडे. उघडल्याशिवाय आत काय आहे कळत नव्हतं.

पहिली उघडली. नवरा आरशासमोर उभा राहून गात होता. मनापासून, डोळे मिटून.

"हे मी पुसलं होतं!" तो किंचाळला.

"का पुसलंस?" आजी म्हणाली. पुढची ओळ ऐकल्यावर म्हणाली, "बरं केलं होतंस."

मग लिफ्टचे दोर आले. मग लिफ्टचे ब्रेक. पोटच्या पोरीपेक्षा त्याने लिफ्टचे फोटो जास्त काढले होते हे उघड झालं. मग आजीचा कान आला. ती व्हिडिओ कॉल शिकत होती त्या दिवसांतला. कान, छत, पुन्हा कान आणि "दिसतेय का मी? अगं, दिसतेय का?"

"पुसून टाक तो," आजी म्हणाली.

"आता इथे काही म्हणून पुसायचं नाही," सून म्हणाली, आणि पुढची फाईल उघडली.

पडदा काळा होता. अंधारात तान्ह्या मुलाचं रडणं, आणि त्यावर दोन आवाज. "तुझी पाळी." "मघाशी मी उठले होते." "ती तू नव्हतीस, मी होतो." "मग मी कुठे होते?" "तू झोपेत बोलत होतीस." डॉक्टरांना ऐकवायला टिपलेलं ते रडणं होतं. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, तिने नवऱ्याकडे. दोघांनाही एकदमच हसू फुटलं, रविवारपासून पहिल्यांदा.

आणि हसता हसताच तिने पुढची उघडली.

टर्रर्र.

पडद्यावर आईचे हात होते, कागद होता, आणि मांडीवर मावेल एवढं बाळ मान मागे टाकून हसत होतं. टर्रर्र. पुन्हा हसलं. उचकी लागली. आजीने चष्मा काढून पदराला पुसला. नवऱ्याने सबंध खोली ऐकेल असा श्वास सोडला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो तिथेच राहू दिला.

भिंगरी मात्र आईच्या मांडीवरून उतरून पडद्याला नाक लावून उभी होती. तिने ते बाळ नीट, शेवटपर्यंत पाहिलं.

"कोण आहे हे?"

"ओळख बघू! तूच ती. अशी होतीस तू, एवढीशी."

भिंगरीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग पायांकडे. मग पडद्यामागे जाऊन तिथल्या वायरींमध्येही डोकावून आली.

"नाही. मी तर इथे आहे," ती म्हणाली. तिने आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "ते बाळ कुठे ठेवलंस, आई?"