इडलीपात्रातल्या बॅटऱ्या

बावीस वर्षं स्टोअर सांभाळतोय. फालतू माल माझ्या टेबलावरून पुढे सरकलेला नाही! पनवेलचे दुकानदार मला आधी चहा पाजतात, मग भीतभीत माल दाखवतात.

आमची कंपनी जमिनीत खोल भोकं पाडून खालची उष्णता मोजते. तळाशी सव्वाशे अंश! तिथल्या यंत्रासाठी खास बॅटऱ्या आल्या. सहा नग, एकेक माझ्या स्कूटरच्या किमतीची. मी मीटर लावला. मीटरची काच कोरी! सहाही वेळा कोरी, ढ मुलाच्या उत्तरपत्रिकेसारखी!

सहाही खोक्यांवर लाल 'नापास' शिक्का हाणला आणि आल्या टेम्पोने परत धाडली.

अर्ध्या तासात इंजिनिअर प्राची मॅडम धावत आल्या. "आनंदाभाऊ, बॅटऱ्या द्या! उद्या साहेबांसमोर यंत्र उतरलं नाही, तर काम गेलं आपलं!"

"परत पाठवल्या. मेलेल्या होत्या."

"अहो, सत्तर अंशांच्या वर तापल्याशिवाय त्या चालूच होत नाहीत!"

घ्या! गरम पाणी तयार झाल्याशिवाय अंथरूण न सोडणारे जावईच म्हणायचे!

रिक्षाने कळंबोलीचा टेम्पो-अड्डा गाठला. टेम्पो निघतच होता. बावीस वर्षांत प्रथमच ड्रायव्हरपुढे हात जोडले आणि खोकी परत आणली.

कँटीनमध्ये रंभाताईंचं इडलीपात्र मागितलं. पिशव्यांत बांधलेल्या बॅटऱ्या पाहून त्या म्हणाल्या, "यांच्यासंगं चटनी करू का सांबार?"

वीस मिनिटं वाफवल्या. मीटर लावला. कोरा!

"बघा! मेलेल्याच!" मी विजयाने ओरडलो.

बोअरवरचे फोरमन भगवानकाका पुढे आले. त्यांनी मीटर उलटा केला, मागचं झाकण काढलं. "आनंदाभाऊ, याच्यातलं सेल कुटं हायत?"

मला स्टोअरचा एसी आठवला. परवा ऐन उकाड्यात त्याच्या रिमोटचे सेल संपले होते. कपाटात नवे डबाभर. पण जुने जमा केल्याशिवाय नवे मिळत नाहीत, हा नियम माझाच! आणि जुने मीच हरवलेले. मग मीटरमधलेच काढून...

धावत जाऊन रिमोटमधले सेल आणले, मीटरमध्ये घातले. मीटर उजळला. सहाही बॅटऱ्या ठणठणीत!

दुसऱ्या दिवशी यंत्र खाली उतरलं, काम वाचलं. पण साहेबांना खोक्यांवरचे शिक्के दिसले. चांगल्या मालाला नापास का केलं, लेखी कारण द्या म्हणाले.

घाम पुसत मी खरं तेच लिहिलं: 'उष्णता.'