विचारून वाढणारे खैरनार भाऊ

आमच्या ऑफिसात कुणाचाही फोन बंद पडला की खैरनार भाऊ येतात, हातातली पिशवी खाली ठेवतात आणि फोनकडे न बघता फोनवाल्याला विचारतात, "जेवण झालं का?" सकाळचे साडेनऊ असोत की संध्याकाळचे सहा, प्रश्न तोच. नाही म्हणालात तर आधी खाऊन यायला लावतात. एकदा मोठे साहेब नाश्ता न करता आले होते. भाऊंनी त्यांनाही कॅन्टीनमध्ये पिटाळलं आणि साहेब मुकाट्याने गेले. मी डिस्पॅचमध्ये असते. फोन बंद म्हणजे ट्रान्सपोर्टवाले माझ्या नावाने शंख करणार, म्हणून मी सरळ खोटं बोलते. झालं म्हणते.

भाऊ मूळचे नांदगावचे. सातपूरला आमचा फवारणी पंपांचा कारखाना आहे, तिथले फोन आणि नेटवर्क ते सांभाळतात. जिन्याखाली त्यांची खोली आहे. खोली म्हणजे एक कपाट, दोन खुर्च्या आणि वायरींचा गुंता. त्या गुंत्यातली कुठली वायर कुणाच्या टेबलाला जाते हे फक्त त्यांना ठाऊक. कागदावर लिहून ठेवा म्हटलं की म्हणतात, घरातल्या माणसांची नावं कोणी लिहून ठेवतं का.

आमचे फोन इंटरनेटवर चालतात. त्यांना विजेचा वेगळा प्लग नसतो. ज्या वायरीतून बोलणं जातं त्याच वायरीतून वीज येते आणि ती वाटणारी पेटी, म्हणजे स्विच, भाऊंच्या कपाटात असते. हे मला त्यांनी पंगतीच्या भाषेत शिकवलं. "ताई, स्विच आधी जराशी वीज पाठवून विचारतो, बाबा, तुला भूक हाय का? समोरच्यानं हो सांगितलं तरच वाढतो. आधी विचारायचं, मग वाढायचं." हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून दहा वेळा तरी निघतं.

मध्यंतरी जुना स्विच गेला आणि नवा आला. बरोबर नवे फोनही आले, काचेसारखे गुळगुळीत. जुना फोन एकच राहिला, आमच्या ऑपरेटर सुमनबाईंचा. सुमनबाईंना जन्मापासून दिसत नाही. जुन्या फोनची उंच उंच बटणं त्यांच्या बोटांना पाठ होती. त्यातल्या महत्त्वाच्या तीन बटणांवर त्यांनी खुणेला टिकल्या चिकटवल्या होत्या. गुळगुळीत काचेवर त्या काय चाचपडणार?

आणि नेमका तोच फोन पेटेना. भाऊंनी निदान केलं की फोन फार जुना आहे. नवा स्विच विचारतो ती भाषा त्याला कळत नाही, म्हणून तो उत्तर देत नाही आणि उपाशी राहतो. अशा फोनचा अडॅप्टर मेन रोडच्या दुकानात विचारला तर दुकानदार नुसता हसला. वरून हुकूम आला, सोमवारपर्यंत फोन चालला तर ठीक, नाहीतर कॉल घ्यायला कॉम्प्युटरचा आवाज बसवू आणि बाईंना दुसरीकडे कुठेतरी सामावून घेऊ. दुसरीकडे कुठे, हे कुणी सांगितलं नाही. तोवर त्यांना रजेवर पाठवलं.

भाऊंचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. चार दिवस ते जिन्याखाली वायरी सोलत बसले. डबा जसाच्या तसा घरी परत जात होता. मी हटकलं तर म्हणाले, यंत्राचा प्रश्न हाय ताई, दुसरं काय नाय.

शेवटी त्यांनी वीज देणारी एक छोटी डबी आणली. ही डबी काही विचारत नाही, सरळ वाढत सुटते. तरी फोन पेटेना, कारण जुन्या फोनला तारा उलट्या लागत होत्या. मग भाऊंनी वायरीच्या टोकाला दोन जोड्यांची अदलाबदल केली, वायरीला लाल दोरा बांधला आणि फोन पेटला. त्यांनी सगळ्या ऑफिसला बजावलं, लाल दोऱ्याला हात लावायचा नाही.

मी शुक्रवारी घाईत होते. माझ्या प्रिंटरची नेटवर्कची वायर सैल झाली होती आणि बाईंच्या टेबलावर, फोनला लावलेली एक छान वायर दिसली. दोरा मला दिसला होता, हे इथेच कबूल करते. भाऊंनी बजावलेलं घाईत विसरले, कुणीतरी नवस बोललं असेल असं वाटलं. वायर फोनमधून काढून प्रिंटरमध्ये खुपसली आणि जळका वास आला. भाऊ धावत आले. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी आधी वायर काढून फोनला लावली, तो पेटतोय हे पाहिलं आणि मगच श्वास सोडला. "न विचारता वाढलं की असं होतं," एवढंच म्हणाले.

सोमवारी सुमनबाई कामावर आल्या. त्यांनी टिकल्या चाचपल्या आणि पहिला कॉल घेतला. मी दुपारी माफी मागायला जिन्याखाली गेले. एक वाजत आला होता. भाऊंसमोर डबा होता, झाकण बंद. जेवून घ्या म्हटलं तर घेतो म्हणाले आणि टेबलावरच्या फोनकडे बघत बसले.

फोन वाजला. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"खैरनार भाऊ, जेवण झालं का?"

"नाय मॅडम. आता बसतोच हाय."

रिसीव्हर ठेवून त्यांनी झाकण उघडलं. "बायको गेली तेव्हापासून विचारतात," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "सात वर्षं झाली. एक वाजला की फोन येतो."

मला फार लाज वाटली. इतकी वर्षं हा माणूस आम्हा सगळ्यांना विचारत आला. त्याला उलट विचारावं हे आमच्यापैकी सुमनबाईंशिवाय एकालाही सुचलं नव्हतं.

"ताई, तुमचं झालं का?" भाऊंनी विचारलं.

मी पहिल्यांदाच खरं सांगितलं. झालं नाही म्हटलं. त्यांनी डब्याच्या झाकणात अर्धी भाकरी आणि थोडी मटकी घातली आणि झाकण माझ्याकडे सरकवलं.