खोट्या फोनचा संशयास्पद मृत्यू

"या ऑफिसात मेंदू एकच, आणि तो माझ्या मानेवर बसवलेला आहे," असं म्हणत गुप्तहेरांनी खुर्ची ओढली. कागदोपत्री ते वरिष्ठ प्रोग्रामर. गुप्तहेर ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती. टेस्टरने घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

चार वाजता दवाखान्याच्या डॉक्टरबाई अ‍ॅप बघायला येणार होत्या. आठ वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्यावर टेस्टरने स्वतः लिहिलेलं हे पहिलंच अ‍ॅप. आज ते चाललं नाही तर काम दुसऱ्या टीमकडे जाणार होतं आणि ती पुन्हा चुका वेचायला मोकळी. आणि नेमका आजच एम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर अ‍ॅप चालवून बघायचा खोटा फोन, काळाठिक्कर पडला होता.

"मेमरीची उपासमार," गुप्तहेरांनी निदान केलं. सगळे प्रोग्राम बंद करून त्यांनी फोन नव्याने सुरू केला आणि पडद्याकडे पाठ फिरवून उपासमारीची लक्षणं सविस्तर सांगितली. ऑफिसातले सगळे माना डोलावत होते. वळून पाहतात तो पुन्हा अंधार.

"अपेक्षितच होतं," ते म्हणाले. अंदाज चुकला की त्यांना ते नेहमीच अपेक्षित असे.

मग अँटीव्हायरसला अटक झाली. चोर सोडून संन्याशाला सुळी, पण सुळी थाटात दिली. त्यानंतर संशय अकाउंटंटवर आला, कारण तो फार निरागस दिसत होता. दर वेळी नवा फोन, नवं भाषण आणि नवा अंधार. पावणेचारपर्यंत पाच फोन दगावले. टेस्टरला रडू येऊ लागलं.

कोपऱ्यात गुप्तहेरांचे सासरे बसले होते. निवृत्त घड्याळजी. जावयाचा विसरलेला चष्मा द्यायला आले होते, पण भाषण संपेना म्हणून उठता येईना.

"जावईबापू," ते म्हणाले, "फोन मेला नाही, झोपलाय. बाजूचं बटण दाबा."

"बाबा, हा विषय तुमच्या आवाक्यातला नाही."

टेस्टरने तोवर माउसने पडद्यावरच्या फोनचं ते बटण दाबलंही होतं. पडदा लख्ख उजळला. तिचं अ‍ॅप जसंच्या तसं उघडं होतं.

"तुम्हाला कसं कळलं, काका?"

"फोन दर वेळी चांगला सुरू होतो. मग हे बोलायला लागतात, त्याला कुणी हात लावत नाही आणि अर्ध्या मिनिटात तो डोळे मिटतो. माझ्या फोनचंही तसंच आहे."

"मग आम्हाला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही यांचं ऐकत होतात. मी सहा वर्षांपूर्वीच सोडलं."

डॉक्टरबाई वेळेवर आल्या. त्यांनी एका पेशंटची वेळ ठरवली, रद्द केली, परत ठरवली. "आमच्या म्हाताऱ्या पेशंटनाही जमेल हे. कुणी बनवलं?"

गुप्तहेरांनी दीर्घ श्वास घेतला. सासऱ्यांनी हळूच त्यांच्या पायावर पाय ठेवला.

"मी," टेस्टर म्हणाली.

"मग पुढचंही तुम्हीच करा," डॉक्टरबाई म्हणाल्या.