सरपंचबाईंचा बाटलीतला चहा

आमच्या शेजारची अनसा पाच वर्षं सरपंच होती, आणि त्या पाच वर्षांत तिनं कुणाच्या घरचा चहा घेतला नाही. औषधाची रिकामी बाटली धुऊन ती घरूनच कोरा चहा भरून न्यायची. पंचायत असो की लग्न, पिशवीत बाटली. लोक अक्षता टाकायचे, ही कोपऱ्यात बूच काढायची.

"च्या प्याला की कागद वर सरकतो," हे तिचं पालुपद.

आमची वाडी हिर्डोशीच्या वरच्या अंगाला. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा हिला उभं केलं, कारण ही फार बोलत नाही असा सगळ्यांचा समज. आधीचे सरपंच दारोदार चहा प्यायचे, तर लोक म्हणायचे, माणसांतला माणूस. ही पिईना, तर म्हणाले, बाईला माज आला. बाप्या असता तर करारी ठरला असता.

मी काही वेगळी नव्हते. ती एकदा दारात आली, मी रोजच्यासारखा कप पुढं केला. तिनं तो परत सरकवला.

"आक्का, तुजा नळाचा अर्ज हाय माज्याकडं."

अर्ज माझ्या ध्यानातही नव्हता. तीस वर्षं एकमेकींच्या बांधाला बांध लावून राबलो होतो. मर मग तहानलेली, असं म्हणाले आणि विचारणंच सोडलं. नळ आला, पण माझा नंबर लागला तेव्हाच.

एकदा पुण्याची एक दुभाषी पोरगी दोन परदेशी बायांना घेऊन आली. एसटी चुकली म्हणून बिचाऱ्या चालत आल्या. पुढारी नेक आहे हे कुठले लोक कशावरून ठरवतात, बाईला वेगळं माप लावतात का, हे त्या देशोदेशी विचारून वहीत लिहीत होत्या. अनसानं बाटलीतला गार चहा दोघींना अर्धा अर्धा कप दिला. तोंडं वाकडी न करता प्यायल्या, हे कबूल करायला हवं.

बर्फाच्या मुलखातली म्हणाली, आमच्यात पुढारी स्वतःचा चहा स्वतः आणतो. बाई असो, बाप्या असो, कुणी बघत नाही. दुसरी पूर्वेकडची. तिच्याकडं पुढाऱ्यानं घरचा चहा नाकारला तर घराचा अपमान, आणि बाईनं नाकारला तर दुप्पट.

"हिचं गाव आमच्यावानीच," अनसा म्हणाली.

जाताना त्यांनी पेन दिलं, ते हिनं परत केलं. "तुमचा बी कागद हाय न्हवं." मग पहिलीला हळूच विचारलं, "तुमच्यात बाईला मुदत सरल्यावर घरी बलावत्यात का?"

त्या बाईनं वहीत बघितलं. तिथं काही नव्हतं.

शेवटच्या वर्षी अनसाला वाडीत कुणी 'ये, बस' म्हणेना. मीही नाही.

मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली. पिशवी नव्हती, बाटली नव्हती.

"आक्का, आता माज्याकडं कुनाचाच कागद न्हाई."

मी चुलीवर आधण ठेवलं. साखर जास्त पडली. ती बशीत ओतून ओतून प्यायली. कप रिकामा झाला तरी खाली ठेवीना, तसाच धरून बसली.

मी पुन्हा आधण ठेवलं.