हेदरबाईंनी घासलेलं पातेलं

उम्म यझन, म्हणजे यझनची आई, सीरियातल्या होम्सहून सिडनीला येऊन आठ महिने झाले तरी घराबाहेर पडली नव्हती. आमच्या महिला केंद्राची नाहिदा दर मंगळवारी तिच्या दारात. शुक्रवारचा शिवणवर्ग, केंद्राचा पत्ता, बसचे नंबर, सगळं सांगून झालं. बाई ऐकून घ्यायची, कॉफी पाजायची आणि "इन्शाल्ला, येईन हो" म्हणायची. म्हणजे नाहीच.

"महिनाअखेरपर्यंत एकदाही आली नाही, तर नाव यादीतून काढावं लागेल," केंद्रप्रमुख हेदरबाई म्हणाल्या. "मग तुझ्या भेटीही बंद."

नाहिदाने महिन्यातले उरलेले मंगळवार मोजले. यझन दिवसभर कामावर. तिच्याखेरीज त्या बाईशी बोलणारं होतं कोण?

पुढच्या मंगळवारी उम्म यझनने बशीभर कुब्बे, खिम्याचे तळलेले गोळे, तिच्या हातात कोंबले.

"नको हो, आम्हाला काही घ्यायला बंदी आहे!"

"माझ्या दारातून रिकाम्या हाताने जाशील? वल्लाह, मी मेले समज!"

हेदरबाईंनी भेटवस्तूंच्या वहीत कुब्बे लिहिले आणि बशी ताबडतोब परत करायला बजावलं. पण रिकामी कशी द्यायची? नाहिदाच्या आईने बशीत मामूल, खजूर भरलेली बिस्किटं, रचून दिली. झालं! उम्म यझन ऐकते होय? बशीच्या जागी परात आली, द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांनी भरलेली. परात बकलावा घेऊन परतली. मग आलं पातेलं! बाळाला आंघोळ घालता येईल एवढं, भाताने शिगोशीग, वर कोकराची अख्खी तंगडी. शिवणवर्गाच्या बायकांनी ते फस्त केलं, पण भरून कोण देणार?

"आता मी काय उंट शिजवू?" नाहिदाच्या आईने हात टेकले.

वहीचं पान संपलं तसा हेदरबाईंचा धीरही संपला. नाहिदा रजेवर असताना त्यांनी पातेलं स्वतः घासून लख्ख केलं आणि उम्म यझनच्या हातात ठेवून आल्या. रिकामं!

नाहिदाने कामावर आल्यावर हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "घात केलात, बाई! आता ती मला दारसुद्धा उघडायची नाही."

महिन्याचा शेवटचा शुक्रवार. शिवणवर्ग रंगात आलेला आणि दार धाडकन उघडलं. दारात उम्म यझन! अंगात ईदचा कोट, काखेत पातेलं. दोन बस बदलून आली होती.

"कुठाय ती पांढऱ्या केसांची? माझ्या भातात काय कमी पडलं, मीठ की मांस?"

हेदरबाईंना अरबी येत नव्हतं, पण पातेलं ओळखीचं होतं. त्या मुकाट्याने शिवणयंत्राआड सरकल्या.

"अग बाई, तो भात तुझा?" बायकांनी तिला गराडाच घातला. "बोटं चाटली आम्ही! मसाला काय घालतेस?"

"बस ना, आधी कॉफी घे."

उरलेलं भांडण बाजूला ठेवून उम्म यझनने कॉफी घेतली. हॉल बंद करायची वेळ झाली तरी ती हलेना. कुणाच्या तरी लेकीच्या झग्याला काठ लावत होती आणि खो खो हसत होती. नाहिदाचे डोळे भरून आले.

सोमवारी हेदरबाई हळूच तिच्या टेबलापाशी आल्या.

"यादीत अजून तिघी आहेत ना, घराबाहेर न पडणाऱ्या?"

"आहेत की."

"त्यांची काही भांडी आहेत का ग आपल्याकडे?"