अण्णांच्या गाडीचे मागचे दिवे

रविवारी सकाळी अण्णा आणि लक्ष्मीदेवी ऑटोत बसून मल्लेश्वरमला एका बारशाला गेले. ऑटो कोपऱ्यावर वळला न वळला तोच यशोवर्धन बादली घेऊन अण्णांच्या गाडीमागे उकिडवा बसला. खरं तर त्याला त्याच क्षणी कुणीतरी दंडाला धरून घरात न्यायला हवं होतं. पण बायको, वाणी, आंघोळीला गेली होती.

अण्णा म्हणजे यशोवर्धनचे सासरे श्रीधरराव, लक्ष्मीदेवी सासूबाई. तीन पिढ्यांपासून बंगळुरात, चिकपेटेत कापडाचं दुकान, मराठीत निम्मं कन्नड. यशोवर्धन पुण्याचा, नोकरी इंदिरानगरला. येलहंक्याला त्याचा फ्लॅट 'येत्या दिवाळीत' मिळणार होता, आणि अशा दोन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या. तोवर जावई बनशंकरीला सासऱ्यांच्या घरात. चौदा महिन्यांत त्याने घरातला गीझर, मिक्सर आणि दारावरची बेल दुरुस्त केली होती. आता आंघोळीचं पाणी गॅसवर तापत होतं, चटणी शेजारच्या शिवलीलाक्कांकडे वाटून आणावी लागत होती, आणि पाहुणे फाटकातून हाका मारत होते. अण्णा कधी एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त 'जावईबापू' म्हणण्याआधी ते आता जरा जास्त वेळ थांबत.

असल्या माणसाने गाडीच्या वाटेला जावं? पण जायला कारण होतं. गाडीला पंधरा वर्षं पुरी झाली होती. सोमवारी अकरा वाजता आरटीओत तपासणी होती. पास झाली तर आणखी पाच वर्षं, नाही झाली तर थेट भंगारात. अण्णांनी जेवताना स्पष्ट सांगितलं होतं, "पास झाली तर ही गाडी. नाही झाली तर मी ऑटोनं फिरीन. दुसरी घ्यायची नाही मला." एवढं बोलून ते पान अर्धं टाकून उठले होते. गाडीवर त्यांचा तसाच जीव होता. घरातल्या प्रत्येक वस्तूवर होता म्हणा. सोफ्यावर प्लास्टिक, रिमोट पिशवीत, फ्रिजच्या मुठीला झबलं. गाडीच्या सीटांवरसुद्धा शोरूमचं प्लास्टिक अजून तसंच, त्यामुळे उन्हाळ्यात उतरताना माणूस आधी सुटायचा आणि पॅन्ट मागाहून.

शनिवारी महांतेश येऊन गाडी बघून गेला होता. महांतेश निपाणीकडचा, आरटीओची कामं करून देणारा, सज्जन माणूस. सगळीकडून फिरून त्याने मागच्या दिव्यांवर बोट वाजवलं. "बाकी गाडी एकदम टकाटक हाय ओ अण्णा. ह्या लाइटा तेवढ्या मळकट दिसालेत. लाल म्हणजे लालच दिसाया पाहिजे. पुसून घ्या स्वल्प."

दिवे खरंच शिळ्या चहाच्या रंगाचे झाले होते. अण्णा "सरी, सरी" म्हणत मान डोलावून आत गेले आणि यशोवर्धनच्या डोक्यात किडा वळवळला. गीझर, मिक्सर, बेल, सगळं एका झटक्यात भरून निघेल असं काम आयतं समोर आलं होतं.

वाणी केस पुसत बाहेर आली तेव्हा त्याची पहिली बादली संपली होती.

"यशो, काय चाललंय?"

"रिफिनिश करतोय. पुसून काही होत नाहीये, बघ ना. प्लास्टिकच ऑक्सिडाइझ झालंय. मी तीन व्हिडिओ बघितलेत."

"महांतेशनी पुसायला सांगितलं होतं. पुसायला! नाही निघालं तर राहू दे, अण्णा बघतील."

"अगं, पुसणं म्हणजे टेम्पररी. हे कसं, एकदम मुळापासून."

"गीझरच्या वेळी पण मुळापासूनच म्हणाला होतास," वाणी म्हणाली आणि त्याच्या आंघोळीचं पाणी तापवायला गॅसकडे गेली.

व्हिडिओतल्या उघड्याबंब तरुणाने दोन हजार नंबरचा घासपेपर वापरा, अगदी रेशमासारखा, असं बजावलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात रविवारी फक्त भिंती घासायचा पेपर होता. दुकानदार म्हणाला, "स्वल्प स्वल्प उज्जी, सार." थोडं थोडं घासा, असं तो बिचारा सांगत होता. यशोवर्धनला त्यातलं 'सार' तेवढं कळलं. त्याने घरी येऊन उजवा दिवा दहा मिनिटं तांब्याचं भांडं घासावं तसा घासला.

दिवा पांढरा झाला. मळकट होता तेव्हा निदान दिवा वाटत होता, आता बाथरूमच्या खिडकीची काच वाटू लागला. वर एका कोपऱ्यात प्लास्टिकची बारीकशी साल निघून वर आली. यशोवर्धनने वाकून बघितलं. दिवाच सोलवटतोय की काय! त्याने धावत जाऊन गोंदाची नळी आणली, ती साल चिकटवली आणि अंगठ्याने पाच मिनिटं दाबून धरली. मग अंगठाही निघेना. तो सोडवायला वाणीला खोबरेल घेऊन यावं लागलं.

"सोड आता तरी," वाणी म्हणाली. हे ती अंगठ्याबद्दल बोलत नव्हती.

"आता कसं सोडणार? एक पांढरा, एक चहा. मॅच तरी व्हायला पाहिजेत ना!"

मॅच करायला त्याने डावा दिवाही घासला. आता दोन्ही पांढरे. ओरखडे घालवायला दुसऱ्या व्हिडिओत टूथपेस्ट सांगितली होती. घरातली नवी कोरी टूथपेस्ट दोन्ही दिव्यांवर संपली. ओरखडे होते तिथेच राहिले, वर गाडीला लवंगेचा वास सुटला आणि वासाच्या मागोमाग मुंग्या आल्या. दिव्यापासून फाटकापर्यंत ओळ. समोरच्या जिन्यावर भाजी निवडत बसलेल्या शिवलीलाक्का कधीपासून बघत होत्या. "गाडीला दात आल्ते काय ओ?" त्यांनी विचारलं. यशोवर्धन हसला नाही. त्याला रडायला यायचं बाकी होतं.

शेवटचा उपाय होता पारदर्शक स्प्रे. ओरखड्यांवर एक थर मारला की सगळं काचेसारखं चकचकीत, असं तिन्ही व्हिडिओंचं एकमत होतं. त्याने फोन काढला. फोनच्या काचेवर बसवलेला गार्ड सहा महिन्यांपूर्वी फुटला होता आणि त्याची भेग नेमकी मधोमध आडवी गेली होती. ती भेग चुकवत तो रोज फोन वाचायचा. दहा मिनिटांत सामान घरी आणून देणाऱ्या ॲपवर त्याला 'टेल लाइट स्प्रे, ग्लॉस' एवढं दिसलं. त्याखालची ओळ भेगेत गेली होती. ती ओळ होती 'स्मोक ब्लॅक'.

डबा आला. गडबडीत त्याने डब्यावरचंही वाचलं नाही. व्हिडिओत आधी डबा हलवा, मग एका दमात मारा असं सांगितलं होतं, म्हणून त्याने डबा हलवला आणि एका दमात मारला. उजवा दिवा काळा झाला.

इथे शहाणा माणूस थांबला असता. यशोवर्धनला वाटलं, ओला आहे म्हणून काळा दिसतोय, वाळला की पारदर्शक होईल. या भरवशावर त्याने डावाही रंगवला! वाळल्यावर दोन्ही दिवे डांबरासारखे काळेकुळकुळीत झाले. तेवढे मात्र एकदम मॅच. उजव्या दिव्यात दोन मुंग्या रंगाखाली कायमच्या राहून गेल्या.

वाणी बाहेर आली. तिने बघितलं. ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"ब्रेक दाब," ती म्हणाली. त्याने आत बसून दाबला. "दाबलास?"

"कधीचा!"

"मग काहीच दिसत नाहीये. यशो, ही गाडी गेली. अण्णांची गाडी गेली. अरे, तो माणूस एक शब्द बोलणार नाही तुला, उद्यापासून गुपचूप ऑटोनं जाईल. मला ते बघवणार नाही रे!" तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. यशोवर्धनने आयुष्यात पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली, आणि ती रंग काढायच्या थिनरसाठी होती. तोवर दुकान बंद झालं होतं.

संध्याकाळी अण्णा आले तेव्हा गाडीवर कव्हर होतं. अण्णा थबकले. कव्हराच्या दोऱ्या त्यांनी ओढून बघितल्या. "जावईबापू," ते म्हणाले, न थांबता, "गाडीला कव्हर घातलंत? शहाणे आहात." चौदा महिन्यांतलं पहिलं कौतुक. यशोवर्धनला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सोमवारी नऊ वाजता तो महांतेशला गाठायला फाटकात जाऊन उभा राहिला. आधी त्याला सांगावं, काही मार्ग काढावा, असा बेत होता. पण अण्णा त्याच्याही आधी उठून, आंघोळ करून, कुंकू आणि चार लिंबं घेऊन अंगणात आले होते. कव्हर त्यांनी स्वतः काढलं. बॉनेटला कुंकू लावलं. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मग उदबत्ती ओवाळत ते गाडीला प्रदक्षिणा घालू लागले. यशोवर्धन डोळे मिटून उभा राहिला.

उदबत्ती मागच्या बाजूला जाऊन थांबली.

"अण्णा," यशोवर्धन म्हणाला, "आय ॲम रिअली सॉरी. मी फक्त पॉलिश करायला गेलो होतो."

तेवढ्यात महांतेश आला. मागून वाकून बघताच तो किंचाळलाच. "अय्यो! हे काय करून ठेवलाय ओ सर? पुसा म्हटलो होतो की मी! इन्स्पेक्टर गाडी आत सुद्धा घेत नाही बघा आता." मग आणखी जवळ जाऊन म्हणाला, "आत मुंग्या हायत न्हवं."

 अण्णांनी उदबत्ती लक्ष्मीदेवींच्या हातात दिली, खाली बसले, आणि डाव्या दिव्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख हळूहळू फिरवलं. एका जागी नख अडकलं. त्यांनी डोळे मिटले, जड हाताने ओढलं, आणि चर्रर्र आवाज करत तो अख्खा काळा रंग, ओरखडे आणि लवंगेचा वास सगळं एका तुकड्यात निघून आलं.

आत दिवा होता. लाल. डाळिंबासारखा लालभडक, शोरूममधून आत्ता आणल्यासारखा, एक ओरखडा नाही.

अण्णांनी उजवाही सोलला. तिथे यशोवर्धनने गोंद लावला होता तेवढा नखाएवढा काळा तुकडा राहिला. बाकी तोही नवाकोरा.

"फिल्म होती?" यशोवर्धनचा आवाज चिरकला. "दिव्यांवर फिल्म होती?"

"गाडी घेतली त्याच दिवशी लावून घेतली होती," अण्णा म्हणाले. "जाड. खास."

"म्हणजे दिवे खराब झालेच नव्हते! नुसती फिल्म काढली असती तरी... अण्णा, बघा तरी, कसले नवे आहेत! पास! गाडी पास!" त्याने महांतेशला मिठी मारली. वाणी हसत होती आणि डोळेही पुसत होती.

फक्त अण्णा हसत नव्हते. ते पायरीवर बसले होते आणि मांडीवर त्या दोन काळ्या साली होत्या. "पंधरा वर्षं सांभाळलं होतं मी," ते म्हणाले. ते त्या साली बोटांनी सरळ करत होते.

"पण अण्णा, दिवे नवेच आहेत की!"

"फिल्म होती म्हणून नवे आहेत, जावईबापू. आता उघडे पडले. आजपासून जुने व्हायला लागले."

"मग तुम्ही ती काढणार कधी होतात?"

"काढायची?" अण्णांना प्रश्नच कळला नाही. "काढायची कशाला?"

गाडी पास झाली. इन्स्पेक्टरने मागच्या दिव्यांना हात लावून बघितला आणि अण्णांना विचारलं, नवे घातले का? अण्णा "नाही, जुनेच" म्हणाले, तेव्हा त्याने अण्णांकडे आदराने बघितलं. पाच वर्षं मिळाली. परतताना अण्णा गाडी चालवत होते, शेजारी यशोवर्धन, मागे महांतेश. यशोवर्धनचा जीव भांड्यात पडला होता आणि त्यामुळे त्याची जीभ सुटली होती.

"पण खरं सांगू का अण्णा, राग मानू नका. नवी वस्तू पंधरा वर्षं झाकून ठेवायची आणि वरची घाण बघत बसायची, याला काय लॉजिक आहे? मग ती नवी असून उपयोग काय?"

अण्णांनी गिअर बदलला. यशोवर्धनने वाणीला कळवायला फोन काढला आणि भेग चुकवत, मान वाकडी करून टाइप करू लागला. सिग्नलला गाडी थांबली. अण्णांनी वाकून बघितलं.

"काच फुटली वाटतं फोनची?"

"छे हो, अण्णा," यशोवर्धन जरा अभिमानानेच म्हणाला. "वरचा गार्ड फुटलाय फक्त. आतली काच एकदम नवी आहे."

 महांतेश खिडकीबाहेर बघू लागला. यशोवर्धनने फोन हळूच खिशात ठेवला.

सिग्नल सुटला. अण्णांनी गाडी घराकडे न वळवता ॲक्सेसरीजच्या दुकानासमोर उभी केली आणि काच खाली करून दुकानदाराला हाक मारली.

"मागच्या दोन दिव्यांना फिल्म लावून द्या. चांगली जाड," ते म्हणाले. मग जरा थांबले. "आणि आमच्या जावईबापूंच्या फोनलाही एक."